फडाच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला?
मराठी चित्रपटांच्या लेखक, दिग्दर्शक आणि निर्मात्यांना खुलं पत्र



दर चार-दोन वर्षांनी तुमच्यापैकी कुणीतरी तमाशापट काढायचं मनावर घेतं. मुहूर्ताचा नारळ फुटतो, नऊवारीतल्या नायिकेचं पोस्टर येतं आणि आमच्याकडच्या रिक्षांत तिची लावणी वाजू लागते. मलाही आनंद होतो, खोटं कशाला बोलू? मी जुन्नर तालुक्यातली. ढोलकीची थाप ऐकली की साठी उलटलेली ही बाईसुद्धा हातातलं काम ठेवून मान वळवते. तिकीट काढून पहिल्याच आठवड्यात मी सिनेमा पाहते, आणि घरी येताना दर वेळी तीच तक्रार घेऊन येते. आजवर ती भाची आणि शेजारीण एवढ्या दोघींनीच ऐकली. आता तुम्ही ऐका.

आधी एक कबुली. तमाशा मला सिनेमानं दाखवला. आमच्या घरातल्या बायका तमाशाला जात नसत. यात्रेत दुसऱ्या रात्री फड लागायचा, हलगी कडाडली की आवाज थेट माजघरात यायचा आणि आजी उठून दार लावून घ्यायची. घरातले पुरुष पहाटे परतायचे. तमाशा म्हणजे काय, हे आम्हा मुलींना त्यांच्या तांबारलेल्या डोळ्यांवरून ताडावं लागे. मग सुगीनंतर कधीतरी टुरिंग टॉकीज यायचं. तंबूत मधोमध दोर बांधलेला, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, खाली घरून नेलेलं पोतं. तिथे मी आईच्या मांडीला टेकून 'पिंजरा' पाहिला. पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या आल्या त्या गाण्यांना. आमच्या बाजूनं हुंदके आले ते शेवटाला. आई रडली, तिचं पाहून मी रडले. रडलो ते मास्तरासाठी.

तमाशापटाची सगळी घडण त्या दोराच्या दोन बाजूंत आहे, हे मला फार उशिरा कळलं. ज्या घरांना तमाशा वर्ज्य होता, त्याच घरांतल्या लोकांना तो पडद्यावर दाखवायचा तर काहीतरी प्रायश्चित्त हवं होतं. म्हणून लावणी पुरुषांच्या बाजूला दिली आणि शेवट बायकांच्या बाजूला. तीन तास जिच्याकडे डोळे भरून पाहिलं, तिला शेवटी मारायचं, पश्चात्तापात लोटायचं, नाहीतर ती मुळात कुलीन घरातलीच होती असा उलगडा करायचा. म्हणजे तिकीटही खपलं आणि घरंदाजपणही राहिलं. धंद्याचा हिशोब म्हणून यात चूक काढता येत नाही. पण हा हिशोब बसवताना ज्या बाईच्या जिवावर धंदा केला, तिचा स्वतःचा धंदा कथेतून गळाला. तो पुन्हा कुणी उचलून ठेवलेला मला तरी आठवत नाही.

'पिंजरा'च घ्या. 1972 चा, व्ही. शांताराम यांचा. त्याचं मूळ जर्मन 'ब्लू एंजल'मध्ये आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. आदर्श मास्तर गावात आलेल्या तमाशाला हुसकावून लावतो. फडातली नाचणारी चंद्रकला चिडते आणि पण करते की या माणसाच्या हातात तुणतुणं देऊन त्याला बोर्डावर उभा करीन. करतेही. पुढची मास्तराची घसरण, त्याच्या जिवंतपणीच गावानं त्याला मेला समजून उभारलेलं स्मारक, आणि स्वतःच्याच खुनाबद्दल त्याला झालेली फाशी, हे डॉ. श्रीराम लागूंनी असं काही केलंय की पन्नास वर्षांनंतरही आपण त्याच्याच बाजूनं रडतो.

मध्यंतरी हा सिनेमा पुन्हा पाहिला आणि सुरुवातीलाच अडले. मास्तर तमाशा हुसकावतो म्हणजे नक्की काय करतो? एका फडाचा खेळ मोडतो. फडात नाचणारी असते, तसे ढोलकीवाला, हलगीवाला, झिलकरी, सोंगाड्या, पाणक्या आणि स्वयंपाकाला बसलेली म्हातारी हेही असतात. खेळ मोडला की त्या दिवसाची चूल पेटत नाही आणि पुढच्या गावाला जायचं भाडं अंगावर पडतं. गावाचं चारित्र्य सांभाळणाऱ्या गृहस्थानं एका संध्याकाळी एवढ्या माणसांची मजुरी बुडवली, आणि पटकथेनं त्या बाईच्या संतापाला अपमानित रूपगर्वितेचा संताप करून टाकलं. चंद्रकलेचा राग मजुरीचा आहे. तो तसा लिहिला असता तर खलनायिका कोण आणि आदर्श कोण, हे तंबूतल्या आमच्या बाजूनं पुन्हा ठरवावं लागलं असतं. माझी आई शेतावर मजुरीला जायची. बुडालेला रोज काय असतो, हे तिला मास्तराच्या आदर्शांपेक्षा लवकर कळलं असतं.

काळच तसा होता, असं मला सांगू नका. याच शांतारामबापूंनी प्रभातमध्ये 1937 साली 'कुंकू' काढला. त्यातली शांता आपटेंची नीरा म्हाताऱ्या विधुराशी लावून दिलेलं लग्न मानायला सरळ नकार देते. 1939 च्या 'माणूस'मधली शांता हुबळीकरांची मैना तर कोठीवरची बाई. पण समोरच्या पोलिसापेक्षा तिला जगाची जास्त समज आहे, आणि काय करायचं ते ती स्वतः ठरवते. म्हणजे बापूंना हे येत होतं, पस्तीस वर्षं आधी येत होतं. मग मधल्या काळात झालं काय? माझं उत्तर असं की मधल्या काळात तमाशापटाचा साचा पक्का झाला. 'लोकशाहीर रामजोशी' 1947 चा, 'सांगत्ये ऐका' 1959 चा. त्यानंतर कोल्हापूर-पुण्यात पाटील, पाटलाचा माजलेला पोरगा, नाचणारी, नाच्या आणि शेवटी पश्चात्ताप असा संच तयार ठेवलेला असे. दिग्दर्शक कितीही मोठा असो, संच भाड्यानं आणला की त्याच्याबरोबर न्यायनिवाडाही येतो.

'सांगत्ये ऐका'बद्दल मात्र जरा थांबून बोललं पाहिजे. अनंत मान्यांचा हा सिनेमा पुण्याच्या विजयानंदला 131 आठवडे चालला. त्याचं नावच ऐका. 'पाहा' म्हटलेलं नाही, 'ऐका' म्हटलंय. बोर्डावर उभी असलेली बाई गावाला गावाच्याच पाटलाचं पाप सांगते. तमाशापट लोकांना आवडला तो याच जागी आवडला, असं मी धरून चालते. लावणीनं माणसं थिएटरात आणली असतील, पण 131 आठवडे तिथे खिळवलं ते या सांगण्यानं. त्यातल्या हंसा वाडकरांनी पुढे आत्मचरित्र सांगितलं, अरुण साधूंनी ते शब्दांत उतरवलं आणि नाव तेच ठेवलं. दारू, फसवणूक, नवरा, घर सोडणं, काहीही न लपवता. त्यावरून श्याम बेनेगलांनी 1977 मध्ये 'भूमिका' केला आणि स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आमच्या तमाशापटाच्या नायिकेचं खरं बोलणं सिनेमात आलं ते हिंदीत. मराठीनं 'सांगत्ये ऐका'तून लावणी तेवढी उचलली आणि सांगणं मागे सोडलं.

आता तुम्हाला एक पाडवा दाखवते. नारायणगाव आमच्यापासून जवळ. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी यात्रेसाठी सुपारी द्यायला येतात. काही वर्षांपूर्वी माझा भाऊ आमच्या यात्रा कमिटीत होता. त्याच्या गाडीत जागा होती, म्हणून मी हट्टानं गेले. कमिटीवाल्यांना माझं येणं पटलं नव्हतं, हे त्यांच्या गप्प बसण्यावरून कळत होतं.

राहुटीत गादीवर एक बाई बसली होती. पन्नाशीची, सुती साडी, नाकावर चष्मा, पुढ्यात डायरी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आमच्यातल्या एकानं विचारलं, "मालक कुठायत?"

"बोला की," बाई डायरीतून मान वर न काढता म्हणाली.

मग घासाघीस झाली. आमच्या लोकांनी दर पाडला, तिनं गेल्या वर्षीचा आकडा डायरीतून वाचून दाखवला. आमच्यातल्या एकानं पोरी नवीन आहेत का, असं विचारलं. तिनं चष्मा काढला, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पाहुणं, पावसाचं आधी ठरवा. वग निम्म्यावर आला आन् पाऊस आला, तर पैसं किती?" तो प्रश्न विचारणारा नंतर राहुटीबाहेरच उभा राहिला. पाऊस आला तर काय, परगावच्या पोरांनी दगड मारले तर काय, बायकांच्या कनातीला पोलीस किती, पाण्याचा टँकर कुणाचा, हे सगळं तिनं एकेक करून लिहून घेतलं. इसार मोजला, बोटाला थुंकी लावून दोनदा मोजला, पेटीत टाकला, पेटीला कुलूप लावलं. मग चहा मागवला.

मी आयुष्यात पाहिलेल्या सगळ्या तमाशापटांत ही बाई मला भेटलेली नाही.

आणि ती काही अपवाद नव्हे. नारायणगावातले फलक वाचा. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, मंगला बनसोडे, मालती इनामदार, कांताबाई सातारकर. फड बायकांच्या नावांनी चालतात. मोठ्या फडात शंभराच्या घरात माणसं असतात. दसऱ्याला बाहेर पडायचं, उन्हाळ्यातल्या यात्रा संपेपर्यंत गाव बदलत राहायचं, ट्रकमध्ये स्टेज, ट्रकमध्ये संसार. आधी घेतलेली उचल फेडायची, पुढच्या हंगामासाठी पुन्हा घ्यायची. तमाशात 'बाई' हा मानाचा शब्द आहे, नावापुढे लागणारा. पडद्यावर येताना त्याचा अर्थ मोह असा झाला.

विठाबाईंची एक गोष्ट तुमच्या क्षेत्रात फार लाडकी आहे. खेळ चालू असताना त्यांना कळा लागल्या, कनातीमागे त्या बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. प्रत्येक भाषणात ही कलेवरची निष्ठा म्हणून सांगितली जाते आणि टाळ्या पडतात. मला ती ऐकताना अंगावर काटा येतो, पण कौतुकाचा नाही. पोट दिसत असलेल्या बाईला दिवस भरेपर्यंत नाचावं का लागलं? कनातीपलीकडे बसलेल्या हजारो पुरुषांना खेळ थांबवणं का सुचू नये? 1957 मध्ये आणि पुन्हा 1990 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेली ही बाई 2002 साली हलाखीत गेली. आज तिच्या नावानं सरकार दर वर्षी पुरस्कार देतं. या गोष्टीवर तुम्ही सिनेमा केलात तर कृपा करून त्या प्रसंगाला बासरी लावू नका.

कांताबाई सातारकरांचा मुद्दा वेगळा आहे, आणि या पत्रासाठी जास्त कामाचा. पती तुकाराम खेडकर गेल्यानंतर त्यांनी पुन्हा स्वतःचा फड उभा केला आणि 2021 मध्ये कोविडनं जाईपर्यंत तमाशातलं त्यांचं नाव कमी झालं नाही. वगनाट्यांत त्या पुरुषांच्या भूमिका करत, आणि प्रेक्षक ते मान देऊन पाहत. बाईनं पुरुष होणं तमाशाच्या बोर्डावर चालतं. तमाशापटात? तिथे फक्त पुरुषानं बाई व्हायचं, आणि तेही हसण्यासाठी.

नाच्याचं नाव काढलं की गणपत पाटील आठवतात. कोल्हापूरचा हा नट. संसारी गृहस्थ, पण कितीतरी सिनेमांत तीच मुरड, तोच हात, तेच 'बया'. लोकांनी पडद्यावरचं सोंग त्यांच्या कातडीला चिकटवलं आणि टोमणे त्यांच्या घरापर्यंत गेले. 2008 मध्ये ते गेले तेव्हाही ओळख नाच्या हीच होती. याच महाराष्ट्रात बालगंधर्वांच्या शालू नेसण्याच्या तऱ्हेची नक्कल घरंदाज बायका करत होत्या. फाळक्यांच्या 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती अण्णा साळुंके नावाच्या पुरुषानं केली, तिलाही कुणी हसलं नाही. संगीत नाटकातल्या पुरुषानं लुगडं नेसलं तर ती कला आणि फडातल्यानं नेसलं तर बायल्या. यात नुसता बाई-पुरुषाचा भेद नाही, जातीचा आणि कनातीचाही आहे. तो तुम्हाला दिसत नसेल असं मला वाटत नाही.

'नटरंग'नं ही अढी फोडायचा प्रयत्न केला, त्याबद्दल रवी जाधव आणि अतुल कुलकर्णी यांना माझा मनापासून सलाम. आनंद यादवांच्या कादंबरीतला गुणा, राजा व्हायला निघालेला पैलवानी गडी, नाच्याशिवाय फड उभा राहत नाही म्हणून स्वतः नाच्या होतो. 2010 च्या जानेवारीत थिएटरात माझ्या मागच्या रांगेतली पोरं सुरुवातीला फिदीफिदी हसत होती, मध्यंतरानंतर गप्प झाली. हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण एक बोच राहिलीच. सिनेमा आपल्याला सांगतो की बाईसारखं पाहिलं जाणं, बाईसारखा हात लावला जाणं हे किती भयंकर आहे, आणि ते पटवण्यासाठी त्याला एक पुरुष लागतो. त्याच फडातली नैना रोज तेच भोगते. तिच्या वाट्याला टाळ्या आहेत, आतलं काही नाही. गुणाची बायको द्वारकी घरी वाट पाहत, कुढत राहते. गुणाला सिनेमाच्या शेवटी पुरस्कार मिळतो. नैनाचं पुढे काय झालं?

तुलनेनं विनोदी सिनेमा बरा. 'सोंगाड्या' 1971 चा, 'पिंजरा'च्या एक वर्ष आधीचा. दादा कोंडक्यांचा भोळा नाम्या उषा चव्हाणच्या नाचणारीच्या नादी लागतो आणि त्याचा सर्वनाश होत नाही. द्व्यर्थी संवादांवरून नाक मुरडणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं. 2022 च्या 'चंद्रमुखी'बद्दल थोडक्यात सांगते. दागिने सुंदर, प्रकाश सुंदर, आणि बाईची किंमत पुन्हा एका पुढाऱ्यानं तिच्यासाठी किती गमावलं यावरून ठरलेली.

आणखी एक गोष्ट तुमच्या कथांतून कायम गायब असते, ती म्हणजे नाचणारीचं घर. पडद्यावरची नाचणारी आकाशातून पडते. फार तर एखादी 'मावशी' असते. कोल्हाटी समाजात नाचणाऱ्या मुलीच्या कमाईवर आईबाप, भाऊ, भावाच्या लग्नाच्या बायका आणि त्यांची पोरं जगत आली. भावजय नाचत नाही, ती कुंकू लावून घरात असते. नणंद नाचते आणि घर चालवते. आता सांगा, कर्ता कोण? डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी 1994 मध्ये 'कोल्हाट्याचं पोर' लिहून हे सगळं उघड्यावर मांडलं, आणि वडिलांच्या नावाच्या जागी आईचं नाव लावलं. सरकारी कागदांवर आईचं नाव सक्तीचं करायला शासनाला 2024 उजाडलं. नणंद-भावजयीच्या एका घरात, एका चुलीपुढे जेवढं नाट्य आहे, तेवढं दहा पाटलांच्या दहा वाड्यांत मिळणार नाही. आणि ते पाहायला आमच्या बाजूच्या बायका रांगा लावतील. 'बाईपण भारी देवा'ला 2023 मध्ये बायका घोळक्यांनी गेल्या, तेव्हा तुम्हीच चकित झाला होतात ना? दोराच्या या बाजूलाही तिकिटं खपतात, हे तुम्हाला तेव्हा कळलं.

लावणी काढून टाका असं मी म्हणत नाही. लावणीशिवाय तमाशापट म्हणजे मिठाशिवाय पिठलं. शृंगारालाही माझी ना नाही. आमच्या आज्यांनी दारं लावून घेतली, मी ती उघडी ठेवते. मागणं एवढंच की गाणं संपल्यावर कॅमेरा लगेच पाटलाच्या चेहऱ्याकडे वळवू नका. तिच्या मागे कनातीत जा. पायाला झालेल्या जखमेवर ती काय लावते ते दाखवा. दौलतजादाच्या नोटा कुणाच्या हाती जातात, त्यातल्या तिला किती उरतात ते दाखवा. पोराच्या शाळेतून फोन आला तर ती तो कुठल्या कोपऱ्यात घेते, आणि उद्याच्या गावातल्या कमिटीशी पावसाचा मुद्दा कोण बोलतं, तेही. आणि एकदा, एकदाच, शेवटी तिला जिवंत ठेवा. पश्चात्तापाशिवाय, कुणाचं कुंकू न लावता, पुढच्या गावाच्या ट्रकमध्ये बसलेली.

पुढचा तमाशापट लिहायला घेण्याआधी पाडव्याला नारायणगावला या. मुंबईहून पहाटे निघालात तर दहाच्या आत पोचाल. शूटिंगच्या जागा पाहायला म्हणून येऊ नका. कुठल्याही एका राहुटीत बसा, कमिटी आल्यावर बाजूला सरका आणि घासाघीस ऐका. मालक कुठे आहेत, असं मात्र विचारू नका.

आपली,
दोराच्या या बाजूची एक प्रेक्षक
जुन्नर तालुका